जपानी कळफलकातून सुशीचे चित्र लिहिताना काय काय बिघडते

जपानी भाषेत लिहिणारी व्यक्ती संगणकावर सुशीचे इमोजी हवे असले, तर चित्रांच्या लांबलचक यादीत ते शोधत बसत नाही. ती रोमन कळांनी ‘एस-यू-एस-एच-आय’ दाबते, पडद्यावर हिरागाना लिपीत ‘सुशी’ उमटते, स्पेसबार दाबल्यावर पर्यायांची छोटी खिडकी उघडते आणि त्या शब्दाच्या निरनिराळ्या कांजी, म्हणजे चिनी वळणाच्या चिन्हांतील, लेखनांच्या रांगेत भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेले ते चित्रही असते. ते निवडून एंटर दाबले की चित्र मजकुरात यायला हवे. पुष्कळदा येतेही. पण कधी त्याच्या जागी दोन रिकामे चौकोन येतात, कधी पर्याय निवडण्यासाठी दाबलेल्या एंटरने अर्धवट संदेशच रवाना होतो, तर कधी सर्व काही ठीक दिसते आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर चित्रासकट त्यापुढचा सगळा मजकूर नाहीसा झालेला असतो.

या तिन्ही तक्रारी वापरणाऱ्याला एकसारख्याच वाटतात आणि तिन्हींचे खापर सहसा जपानी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरवर फुटते. माझ्या मते हा आरोप बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जातो. कळ दाबण्यापासून मजकूर साठवण्यापर्यंत चार-पाच वेगवेगळ्या प्रणाली एकमेकींकडे अक्षर सोपवत असतात, आणि ‘एक अक्षर म्हणजे किती’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांतील प्रत्येकीने आपापल्या सोयीने ठरवलेले असते. इंग्रजी मजकुरात ही उत्तरे योगायोगाने जुळतात. जपानी पद्धतीने इमोजी लिहिताना ती जुळत नाहीत, एवढेच.

प्रथम ही पद्धत कशी चालते ते पाहू. जपानीत नित्य वापरातील कांजी चिन्हेच दोन हजारांहून अधिक आहेत आणि तेवढ्या कळा कोणत्याही कळफलकावर मावत नाहीत. म्हणून उच्चार टाइप करायचा आणि सॉफ्टवेअरने त्याचे लेखन सुचवायचे, ही तडजोड निघाली. तोशिबाने १९७८ साली जाहीर केलेल्या जेडब्ल्यू-१० या शब्दसंस्कारक यंत्रात ती प्रथम बाजारात आली आणि आजही तीच चालते. विंडोजमधील मायक्रोसॉफ्टचे जपानी आयएमई, जस्टसिस्टम्स कंपनीचे एटॉक, गुगलच्या जपानी इनपुटमधून निघालेले आणि लिनक्सवर सर्रास वापरले जाणारे मोझ्क, ही सारी इनपुट मेथड या एकाच वर्गातली सॉफ्टवेअरे आहेत. या सर्वांत मजकुराच्या दोन अवस्था असतात. टाइप होत असलेला, खाली रेघ असलेला मजकूर कच्चा असतो. तो अजून इनपुट मेथडच्या ताब्यात असतो आणि ज्या प्रोग्रॅममध्ये आपण लिहीत आहोत त्याला तो केवळ दाखवण्यापुरता मिळालेला असतो. पर्याय निवडून एंटर दाबले की तो पक्का होतो आणि प्रोग्रॅमच्या स्वाधीन केला जातो. पुढे सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या या कच्च्या-पक्क्याच्या सीमेवरच घडतात.

इमोजी या पर्यायांच्या यादीत आले ते जपानमध्येच जन्मल्यामुळे. जे-फोन कंपनीच्या १९९७ सालच्या एका मोबाइल फोनमध्ये ९० चित्रे होती. १९९९ साली डोकोमोच्या आय-मोड सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत १७६ चित्रे बसवली, आणि त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापली चित्रे आपापल्या खासगी क्रमांकांवर ठेवली. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर पाठवलेल्या चित्राच्या जागी तेव्हा पुष्कळदा ‘गेता’ हे दोन जाड आडव्या रेघांचे चिन्ह उमटत असे. ऑक्टोबर २०१० मध्ये जगातील प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या ६.० या आवृत्तीने यातील सातशेहून अधिक चित्रांना अधिकृत क्रमांक दिले आणि हा घोळ मिटला. मात्र क्रमांक कोणते दिले, यातून पुढचा घोळ सुरू झाला.

युनिकोडची मूळ कल्पना अशी होती की जगातील सर्व अक्षरे १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ क्रमांकांत मावतील. मराठीसाठी वापरली जाणारी देवनागरी त्यात आहे, हिरागाना आहे, नेहमीच्या कांजीही आहेत. पण जागा अपुरी पडणार हे लवकरच दिसून आले, म्हणून १९९६ च्या २.० या आवृत्तीत त्यापलीकडच्या क्रमांकांची सोय केली गेली. ज्या प्रणाली अक्षरे १६ बिटांच्या घरांत ठेवत होत्या, त्यांच्यासाठी अशी युक्ती काढली की पलीकडचा प्रत्येक क्रमांक दोन घरांत विभागून ठेवायचा. या दोन घरांना सरोगेट जोडी म्हणतात. सुशीचा क्रमांक १,२७,८४३ आहे. तो एका घरात मावत नाही, म्हणून तो ५५,३५६ आणि ५७,१८७ अशा दोन संख्यांच्या रूपात प्रवास करतो. यांतली कोणतीही एक संख्या एकटी निरर्थक आहे, फाटलेल्या नोटेच्या अर्ध्या तुकड्यासारखी.

आता विंडोजवर काय होते ते पाहा. इनपुट मेथडने सुशी पक्की केली की जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमला ‘अक्षर आले’ असा निरोप मिळतो. या निरोपात एकच १६ बिटांचे घर मावते, त्यामुळे सुशीसाठी लागोपाठ दोन निरोप येतात. ज्या प्रोग्रॅमरला हे ठाऊक आहे तो पहिला अर्धा भाग राखून ठेवतो आणि दुसरा आल्यावर दोन्ही जोडतो. ज्याला ठाऊक नाही त्याचा प्रोग्रॅम पहिल्या अर्ध्यासाठी एक चौकोन काढतो आणि दुसऱ्यासाठी आणखी एक. सुरुवातीला सांगितलेले दोन चौकोन ते हेच. या रिकाम्या चौकोनाला जपानमध्ये तोफू म्हणतात. मात्र तोफूचा एकच चौकोन दिसला तर निदान वेगळे असते. तेव्हा अक्षर सुखरूप पोहोचलेले असते, पण ते रेखाटणारा फॉन्ट त्या संगणकावर नसतो. एक चौकोन आणि दोन चौकोन हा फरक मदत मागताना आवर्जून सांगावा, कारण त्यावरून शोध अर्ध्यावर येतो.

याच अज्ञानाची दुसरी बाजू बॅकस्पेसला दिसते. एकदा बॅकस्पेस दाबल्यावर सुशी जाऊन तिच्या जागी चौकोन उरला आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर तोही गेला, तर प्रोग्रॅम घरे मोजतो आहे, अक्षरे नव्हे, हे ओळखावे. इनपुट मेथड स्वतःही कधी कधी आधीचा मजकूर पुसण्याची विनंती करते, उदाहरणार्थ पक्का झालेला शब्द पुन्हा कच्चा करून दुसरा पर्याय निवडताना. ‘कर्सरच्या मागची तीन अक्षरे पुसा’ अशा या विनंतीतील ‘तीन’ म्हणजे काय, यावर एकमत नाही. लिनक्सवरील प्रोग्रॅमांच्या खिडक्या बांधण्यासाठी वापरले जाणारे जीटीके ही संख्या युनिकोड क्रमांकांत मोजते, तेथील पडदा सांभाळणाऱ्या वेलँडची नवी व्यवस्था ती बाइटांत, म्हणजे आठ बिटांच्या तुकड्यांत, मोजते, तर अँड्रॉइडची मूळ व्यवस्था १६ बिटांच्या घरांत. अँड्रॉइडने २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीत क्रमांकांनी मोजणारी वेगळी विनंती जोडली, पण जुनीही तशीच ठेवली. दोन टोकांपैकी एकाने जरी रूपांतरात कुचराई केली, तरी नेमके इमोजीच्या आसपास एखादे अक्षर कमी किंवा जास्त पुसले जाते. शुद्ध हिरागाना मजकुरात हीच चूक बहुतेकदा लपून राहते, कारण तेथे क्रमांक आणि १६ बिटांची घरे यांची संख्या सारखीच येते.

एंटर दाबल्यावर संदेश आपोआप जाण्याचा प्रकार मात्र अक्षरांच्या क्रमांकांशी संबंधित नाही. तो कच्च्या-पक्क्याच्या सीमेवरचा आहे आणि मला विचाराल तर सर्वांत अक्षम्यही तोच आहे. संवादाच्या संकेतस्थळांवर ‘एंटर म्हणजे पाठवा’ असा नियम असतो, आणि जपानी लिहिणाऱ्यासाठी एंटरचा पहिला अर्थ ‘हा पर्याय पक्का करा’ असा असतो. यासाठी ब्राउझर प्रोग्रॅमरला स्पष्ट खूण देतो की सध्या मजकूर कच्चा आहे, तेव्हा ही कळ तुझी नाही. ती खूण न पाहणारा प्रोग्रॅम इंग्रजीत निर्दोष चालतो, म्हणून तो बनवणाऱ्याला आपली चूक कधी दिसतच नाही. सफारी ब्राउझरने यात आणखी एक खोच ठेवली आहे. तेथे ‘मजकूर पक्का झाला’ ही वार्ता आधी येते आणि एंटर दाबल्याची वार्ता नंतर. त्यामुळे खूण तपासणारा प्रोग्रॅमही फसतो आणि त्या कळीला मिळालेला २२९ हा विशेष क्रमांक वेगळा तपासावा लागतो. सुशीचे चित्र मिळवायला दोन-तीन पर्याय चाळावे लागतात, म्हणजे कच्च्या अवस्थेत रेंगाळावे लागते, आणि तेवढ्या प्रमाणात हा अपघात वाढतो.

जपानी पद्धतीला बगल देऊन इमोजीची स्वतंत्र खिडकी उघडावी, असा सल्ला अशा वेळी दिला जातो. तो नेहमी उपयोगी पडत नाही. विंडोज १० मध्ये विंडोज-कळ आणि पूर्णविरामाची कळ एकत्र दाबून उघडणारी खिडकी २०१७ च्या अखेरीस आली, तेव्हा ती केवळ अमेरिकन इंग्रजी कळफलक निवडलेला असतानाच उघडत असे. ज्या देशात इमोजी जन्मले त्याच्या भाषेत लिहिणाऱ्यांना पुढच्या वर्षीच्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. लिनक्सवर आयबस या व्यवस्थेने इमोजीसाठी आधी कंट्रोल-शिफ्ट-ई आणि नंतर कंट्रोल-पूर्णविराम ही जोडी राखून ठेवली. पहिली जोडी फायलींची यादी दाखवण्यासाठी आणि दुसरी कोडमधील झटपट दुरुस्तीसाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात आधीच वापरात होती. त्यामुळे दुरुस्ती मागितली की कर्सरपाशी रेघ असलेले एकटे रोमन ‘ई’ अक्षर उमटते आणि ते कुठून आले याचा लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही. तो दोष संपादकाचा नसतो. आयबसच्या सेटिंगमध्ये इमोजीच्या विभागात जाऊन ती जोडी बदलली किंवा काढून टाकली की ‘ई’ पुन्हा दिसत नाही. लिनक्सच्या काही हलक्या प्रोग्रॅमांत तर याहून कडक शिक्षा होती. जुने एक्सएफटी हे अक्षरे रेखाटणारे ग्रंथालय, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोडचा संच, रंगीत फॉन्ट हाताळू शकत नसे, आणि इमोजी पडद्यावर येताक्षणी प्रोग्रॅमच बंद पडत असे. २०२२ साली त्या ग्रंथालयात सुधारणा झाली.

आतापर्यंतचे इमोजी निदान एका क्रमांकाचे होते. काही इमोजी अनेक क्रमांकांचे बनतात आणि तेथे वेगळीच गुंतागुंत असते. लाल हृदयाचे चिन्ह युनिकोडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, पण ते छापखान्यातील काळ्या सजावटीच्या चिन्हांपैकी एक म्हणून. ते रंगीत दिसायचे असेल तर त्याच्यामागे ६५,०३९ हा अदृश्य क्रमांक जोडावा लागतो. एखाद्या इनपुट मेथडच्या शब्दकोशात तो जोडायचा राहिला, तर तेच हृदय एका प्रोग्रॅममध्ये लाल आणि दुसऱ्यात काळे दिसते. आई, वडील, मुलगी आणि मुलगा असे कुटुंबाचे चित्र प्रत्यक्षात चार चित्रे आणि त्यांना जोडणारी तीन अदृश्य चिन्हे मिळून सात क्रमांकांचे असते. १६ बिटांच्या घरांत त्याला ११ घरे लागतात आणि यूटीएफ-८ या बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत २५ बाइट. पन्नास अक्षरांची मर्यादा असलेल्या रकान्यात अशी चार कुटुंबे लिहिली आणि पाचवे अडले, तर रकाना घरे मोजतो आहे हे उघड होते.

या जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक ८,२०५ आहे, आणि मराठी वाचकाची त्याच्याशी ओळख इमोजीपेक्षा जुनी आहे. ‘दुसऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ या शब्दांतील आडवा अर्धा र जुन्या पद्धतीने लिहिताना र आणि हलन्त यांच्यापुढे हेच चिन्ह ठेवले जाते. म्हणून मजकुरातील ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ साफ करणारा एखादा उत्साही प्रोग्रॅम एकाच फटक्यात जपानी माणसाच्या कुटुंबाची चार सुटी माणसे करतो आणि मराठी माणसाच्या ‘दुसर्‍या’चा ‘दुसर्या’ करतो. विंडोजमध्ये २०१९ साली आलेला मराठीचा उच्चारानुसारी कळफलकही रोमन कळांवरून पर्याय सुचवतो, त्यामुळे कच्च्या-पक्क्याच्या सीमेवरचे प्रश्नही आपल्याला अगदीच परके राहिलेले नाहीत.

आता साठवणुकीकडे वळू, कारण सर्वांत मोठे नुकसान तेथे होते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने दिलेली अक्षरव्यवस्था एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देत असे, आणि पलीकडच्या क्रमांकांना चार लागतात. चार बाइट देणारी ‘यूटीएफ८एमबी४’ ही व्यवस्था २०१० साली ५.५.३ या आवृत्तीत आली, पण ती मूळ निवड व्हायला २०१८ ची ८.० ही आवृत्ती उजाडावी लागली. मधल्या काळात उभ्या राहिलेल्या असंख्य संकेतस्थळांत तीन बाइटांचीच व्यवस्था राहिली. तेथे सुशी लिहून मजकूर जतन केला, तर डेटाबेस कडक शिस्तीत चालत असल्यास चूक दाखवतो. सैल शिस्तीत असल्यास इशाऱ्याची नोंद करून सुशीपासून पुढचा सगळा मजकूर कापून टाकतो. दुसऱ्या दिवशी अर्धा लेख गायब दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

चार बाइटांची व्यवस्था लावली तरी एक विलक्षण प्रकरण उरते. जपानी प्रोग्रॅमर त्याला ‘सुशी-बिअर प्रश्न’ म्हणतात. दोन अक्षरे सारखी की वेगळी, हे डेटाबेस तुलनेच्या नियमावलीवरून ठरवतो. मायएसक्यूएलच्या जुन्या, सर्वाधिक वापरल्या गेलेल्या नियमावल्यांत ६५,५३६ च्या पलीकडील सर्व अक्षरांना एकच वजन दिलेले होते. परिणामी सुशी शोधली की बिअरचा पेलाही सापडे, आणि दोन नोंदी सारख्या नसाव्यात असा नियम असलेल्या रकान्यात आधी बिअर असेल तर सुशीला प्रवेश मिळत नसे. पुढच्या नियमावल्यांनी सुशी आणि बिअर वेगळी केली, पण त्यांतील उच्चारखुणांकडे दुर्लक्ष करणारे प्रकार ‘हाहा’, म्हणजे आई, आणि ‘पापा’ यांना सारखेच मानतात, कारण हिरागानात ‘हा’ आणि ‘पा’ यांत फरक केवळ एका छोट्या वर्तुळाचा असतो. आवृत्ती ८.० मधील खास जपानी नियमावली निवडली की आईवडील एकमेकांपासून वेगळे होतात.

बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला महागडे साधन लागत नाही. इमोजी दुसरीकडून नक्कल करून त्याच जागी चिकटवून पाहावे. चिकटवलेले नीट उमटले आणि टाइप केलेले बिघडले, तर दोष इनपुट मेथड आणि प्रोग्रॅम यांच्या संवादात आहे. दोन्ही बिघडले, तर प्रोग्रॅममध्ये, फॉन्टमध्ये किंवा साठवणुकीत आहे. दोन्ही नीट उमटून पान पुन्हा उघडल्यावर बिघडले, तर साठवणुकीत. तक्रार लिहिताना ऑपरेटिंग सिस्टिम, इनपुट मेथडचे नाव, चौकोन एक की दोन, आणि मजकूर कच्चा असताना बिघडला की पक्का झाल्यावर, एवढे चार तपशील दिले तर दुरुस्त करणाऱ्याचे बरेच काम वाचते. मायक्रोसॉफ्टच्या जपानी आयएमईमध्ये काही पर्यायांपुढे ‘कांक्यो इझोन’, म्हणजे ‘परिस्थितीवर अवलंबून’, असा शेरा दिसतो. हे अक्षर जुन्या जपानी प्रणालींत टिकेलच असे नाही, अशी ती प्रामाणिक सूचना आहे आणि ती वाचायची सवय ठेवावी.

इमोजीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण पलीकडच्या क्रमांकांवर केवळ चित्रे नाहीत. जपानच्या नित्य वापरातील कांजींच्या २०१० सालच्या अधिकृत यादीत ‘रागावणे’ या अर्थाचे जे चिन्ह छापलेले आहे, त्याचे तेच नेमके रूप पलीकडे आहे, आणि योशिनोया या प्रसिद्ध भोजनगृहाच्या पाटीवरचे ‘योशी’ही तेथेच आहे. ही अक्षरे तुटतात अशी तक्रार जपानमध्ये इमोजीच्या आधीपासून होत होती. तिच्याकडे प्रोग्रॅमरांचे लक्ष वेधले ते हसऱ्या चेहऱ्यांनी, कारण ते जगभरच्या लोकांना हवे होते. आपली मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली ७.० या आवृत्तीत आली, तीही ७१,१६८ या क्रमांकापासून पुढे, म्हणजे त्याच पलीकडच्या प्रदेशात. मोडीच्या प्रत्येक अक्षराला सरोगेट जोडी लागते आणि यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. मायएसक्यूएलच्या त्या जुन्या नियमावल्यांच्या लेखी मोडीतील सगळी अक्षरे एकच आहेत. मोडी कागदपत्रांची सूची संगणकावर करू पाहणाऱ्या संस्थेने आपल्या प्रणालीत आधी सुशी आणि बिअर अशा दोन नोंदी करून पाहाव्यात. त्या वेगळ्या राहिल्या, शोधताना एकीऐवजी दुसरी आली नाही आणि बॅकस्पेसने अर्ध्या तुटल्या नाहीत, तर मोडीची नोंद सुरू करायला हरकत नाही.